लहान वर्कशॉपमधली माणसं : नव्याने जबाबदारी घेणाऱ्यांसाठी

ज्यांच्या हाताखाली पहिल्यांदाच दहा-पंधरा माणसं आली आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. वडिलांचं वर्कशॉप हाती घेतलेला मुलगा किंवा मुलगी, नोकरी सोडून भोसरीत नाहीतर सातपूरला गाळा घेऊन दोन सीएनसी (संगणकावर चालणारी मशीन) टाकलेला इंजिनिअर, परवापर्यंत ऑपरेटर असलेला आणि आज सुपरवायझर झालेला माणूस. मशीन कसं घ्यायचं, कोटेशन कसं द्यायचं, जीएसटी कसा भरायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. माणसांचा विषय निघाला की मात्र "जमेल हळूहळू" एवढंच ऐकायला मिळतं. तेही जमतं, पण तोवर दोन चांगले सेटर (नव्या कामासाठी मशीन लावून देणारे) शेजारच्या गाळ्यात गेलेले असतात.

माझं मत स्पष्ट आहे. माणसं भाषणांनी कामाला लागत नाहीत. पगार कोणत्या तारखेला होणार, रजा कुणाला विचारायची, कुठला पीस चालतो आणि कुठला नाही, चूक झाली तर पुढे काय होणार, हे जिथे आधीपासून ठाऊक असतं तिथे माणूस डोकं कामात घालतो. जिथे ते ठाऊक नसतं तिथे त्याचं निम्मं डोकं आज मालकाचा मूड कसा आहे हे ओळखण्यात जातं. पुढे जे सांगितलं आहे ते ही अनिश्चितता एकेका ठिकाणाहून कशी काढायची याबद्दल आहे. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, कारण पगाराची घडी बसलेली नसताना कुणी तुमची सकाळची मीटिंग मनापासून ऐकत नाही.

पहिला आठवडा : बघा आणि लिहा

आल्या आल्या काही बदलू नका. एक वही घ्या आणि प्रत्येक माणसासाठी एक पान ठेवा. नाव, गाव, इथे किती वर्षं आहे, कुठे राहतो, कामावर कसा येतो, कुठली मशीन चालवतो, सेटिंग जमतं का, ड्रॉइंग वाचता येतं का. गाव आणि राहण्याची जागा लिहायला सांगतो त्याला कारण आहे. लातूर-नांदेडकडचा मुलगा चौघांबरोबर खोली करून राहत असेल तर त्याची दुसऱ्या पाळीची अडचण वेगळी असते, आणि घरी लहान मूल असलेल्या बाईची वेगळी. पाळ्या लावताना हेच पान उघडायचं.

या वहीतून एक तक्ता तयार होतो. आडव्या ओळीत माणसांची नावं, उभ्या रकान्यांत मशीन आणि कामं : सीएनसी टर्निंग, व्हीएमसी (उभी मिलिंग मशीन), सेटिंग, ड्रिलिंग, डीबरिंग (कापल्यावर राहिलेल्या धारदार कडा साफ करणं), तपासणी, पॅकिंग, डिस्पॅचची कागदपत्रं. प्रत्येक चौकोनात चारपैकी एक खूण करा : शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकट्याने करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो. मग ओळी सोडा आणि रकाने वाचा. ज्या रकान्यात "एकट्याने करतो" अशी एकच खूण आहे तिथे तुमचा धंदा त्या एका माणसाच्या तब्येतीवर चालला आहे. बहुतेक लहान वर्कशॉपमध्ये असा रकाना सेटिंगचा असतो आणि दुसरा डिस्पॅचचा. दुसरा कुणाच्या लक्षात येत नाही, आणि ई-वे बिल (माल गाडीने नेताना लागणारा ऑनलाइन कागद) काढणारा माणूस तापाने पडला की गाडी गेटवर उभी राहते.

तक्ता तयार झाला की भिंतीवर लावा. ज्याच्या नावापुढे कमी खुणा आहेत त्याला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. पुढची खूण मिळवायला काय करावं लागेल हे तिथेच कळलं, तर त्याच तक्त्यामुळे माणूस शिकायला मागतो.

पगार, हजेरी, उचल

इथे थोडा वेळ द्या, कारण माणसं सोडून जाण्याची निम्मी कारणं इथेच असतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत व्हायला हवा. आधीच्या कायद्यातही लहान कारखान्यांना ७ तारीखच होती, त्यामुळे हे काही नवीन ओझं नाही. कंपनीकडून पेमेंट अडकलं म्हणून पगार दहा-बारा तारखेला नेणं ही लहान कारखानदारांची जुनी सवय आहे. ती सोडा. एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात बाजूला ठेवा, हळूहळू जमवावी लागली तरी चालेल. तुमची गिऱ्हाईक कंपनी ६० किंवा ९० दिवसांनी पैसे देते हा तुमचा आणि त्या कंपनीचा व्यवहार आहे, ऑपरेटरच्या घरभाड्याचा त्याच्याशी संबंध नाही.

जादा कामाला दुप्पट दर. यात पळवाट शोधू नका. "चहा-वडापाव दिला ना" हे ऐकून माणूस मान हलवतो, पण मनात हिशेब करतो. जादा काम विचारून द्या, शक्य तर आदल्या दिवशी, आणि त्याचे तास त्याच्यासमोर लिहून सही घ्या. महिनाअखेरीला तासांवरून होणारी कुरबुर या एका सहीने बंद होते.

आणखी काही आकडे पक्के असू द्या. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होतं, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी. त्यात कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के. वीस माणसं झाली की भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ. दोन्हींचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे. किमान वेतनातला विशेष भत्ता महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, तेव्हा त्या दोन महिन्यांत पगारपत्रक तपासून घ्या. पीएफ कापला आणि भरला नाही, असं झालं तर कामगाराला ते आज मोबाइलवर दिसतं. उमंग ॲपवर पासबुक बघणारा ऑपरेटर एकाला सांगतो, दुपारच्या जेवणापर्यंत सगळ्यांना माहीत झालेलं असतं, आणि त्यानंतर तुमच्या कुठल्याही शब्दावर कुणी विसंबत नाही.

नेमणुकीचं पत्र प्रत्येकाला द्या, हेल्परलाही. नव्या संहितेत ते बंधनकारक केलं आहेच. पण मी ते वेगळ्या कारणासाठी म्हणतो. पत्रात काम काय, पगार किती, पाळी कुठली, सुट्टी कधी, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, एवढं मराठीत किंवा हिंदीत लिहिलेलं असलं की पुढचे अर्धे गैरसमज होतच नाहीत.

उचल हा विषय पुस्तकात सापडत नाही आणि वर्कशॉपमध्ये रोज समोर येतो. मुलीची फी, आईचं ऑपरेशन, गावाकडचं लग्न, बियाणं. उचल बंद करू नका. बंद केली तर माणूस खाजगी सावकाराकडे किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपकडे जातो, आणि मग वसुलीचे फोन तुमच्या शॉपफ्लोअरवर वाजतात. त्यापेक्षा नियम ठरवा. किती नोकरी झाल्यावर, जास्तीत जास्त किती, दरमहा कापून कसं घ्यायचं, आधीची फिटल्याशिवाय नवी नाही, दवाखान्याचा अपवाद. सगळं एका रजिस्टरमध्ये, दोघांच्या सह्यांनी. एकाला दिली, दुसऱ्याला नाही असं झालं तर कारण सांगता आलं पाहिजे. आवडत्याला गुपचूप दिलेली उचल कधीच गुपचूप राहत नाही.

काम शिकवणं

"तयार माणूस मिळत नाही" अशी तक्रार प्रत्येक एमआयडीसीत चालते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभा केला तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांत तयार फिटर-टर्नर कुठून असणार? शेतातली माणसं आली, ती शिकली आणि लोखंडी नांगर बनवू लागली. शिकवणं हा कारखान्याच्या कामाचाच भाग धरला तर माणूस मिळतो.

शिकवायची एक जुनी, साधी रीत आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत नव्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी ती बसवली गेली, युद्धानंतर जपानमध्ये गेली आणि टोयोटाने ती मनापासून उचलली. चार टप्पे : माणसाला तयार करा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग मागे राहून लक्ष ठेवा. तिचा खरा जीव मात्र दाखवण्याच्या टप्प्यात आहे. तिथे तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगायच्या : काय करायचं, त्यातली मेख काय, आणि ती मेख का. आपल्याकडे पहिली गोष्ट सांगितली जाते, दुसरी कधीतरी ओरडून सांगितली जाते, तिसरी राहूनच जाते.

एक उदाहरण घेऊ. पोलादी बुश (मधे भोक असलेली जाड नळी) आहे, २५ मिमीचा बोअर (आतलं भोक), टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) एच७. म्हणजे बोअर २५.००० ते २५.०२१ मिमीच्या आत हवा, एकूण २१ मायक्रॉनची (मिमीच्या हजाराव्या भागांची) जागा. नव्या मुलाला तुम्ही सांगता, "प्रत्येक पाचवा जॉब मोज." जॉब म्हणजे मशीनवरचा तुकडा. तो मशीनमधून काढल्या काढल्या गरम जॉब मोजतो. खोलीपेक्षा २० अंश जास्त गरम असलेल्या जॉबचा बोअर साधारण ६ मायक्रॉनने मोठा दिसतो. मुलगा हुशार आहे, तो ऑफसेट (मशीनमध्ये भरलेली हत्याराच्या मापाची दुरुस्ती) मागे घेतो. जॉब गार झाले की लॉटमधले काही लहान बोअरचे निघतात, प्लग गेजची (भोक तपासायच्या दांड्याची) आत जायलाच हवी ती 'गो' बाजू आत जात नाही, आणि सगळे म्हणतात, "नव्या पोराने लॉट घालवला."

त्याला सांगायला हवं होतं ते असं. काय करायचं : पाचवा जॉब मोजायचा. मेख : कूलंट पुसून, गार करून, मग मोजायचा. का : गरम लोखंड फुगतं, बोअर मोठा दिसतो, आणि आपण चुकीची दुरुस्ती करून बसतो. हे 'का' कळलेला मुलगा उद्या दुसऱ्या मटेरियलवर, दुसऱ्या मापावर तुम्हाला न विचारता बरोबर वागेल. ॲल्युमिनियमचा जॉब आला तर तोच येऊन विचारेल, "हे तर जास्त फुगत असेल ना?" आणि ते खरं आहे, जवळपास दुप्पट फुगतं.

प्रत्येक चालू जॉबसाठी असा एक कागद करा, मशीनशेजारी लटकवा. फोटो असले तर उत्तम. बिहार-झारखंडकडची मुलं असतील तर हिंदीत करा. पहिला पीस तपासून सही झाल्याशिवाय लॉट चालू करायचा नाही, हा नियम सगळ्यांना सारखा ठेवा, मालकालाही. शनिवारी संध्याकाळी घाईत मालकाने "चालू कर रे, बघू नंतर" म्हटलं की तो नियम त्या क्षणापासून फक्त कागदावर उरतो.

जुने मिस्त्री

नव्या सुपरवायझरला सगळ्यात अवघड वाटतं ते हे. मिस्त्री तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, मशीनचा आवाज ऐकून इन्सर्ट (धातू कापणारा बदलायचा छोटा तुकडा) संपल्याचं ओळखणारे, आणि सेटिंग करताना पाठ करून उभे राहणारे. कुणाला दाखवत नाहीत. यावर रागावून उपयोग नाही. त्यांची या गाळ्यातली किंमत त्या माहितीत आहे हे त्यांना नीट कळतं. माहिती दिली की आपल्याला कमी पगाराच्या पोराने बदलतील ही त्यांची भीती अनेक ठिकाणी खरी ठरलेली आहे.

म्हणून शिकवण्याला किंमत द्या. तक्त्यातली चौथी खूण, "शिकवू शकतो", ही पगारात दिसली पाहिजे. त्यांनी शिकवलेला मुलगा एकट्याने सेटिंग करू लागला की त्यांना ठरलेली रक्कम द्या, आणि पहिल्या पीसवर सही करायचा अधिकार त्यांच्याकडे ठेवा. त्यांना "अहो मिस्त्री" म्हणा, वयाने काका शोभत असतील तर काका म्हणा. मालकाचा मुलगा आहे म्हणून वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करणं गाळ्यातली सगळी माणसं टिपून ठेवतात. तरुण पोरांशी एकेरीत बोलायला हरकत नाही, ती तुमच्याशी मोकळी झाल्यावर.

याच जागी दुसरा खड्डा आहे. उत्तम ऑपरेटर दिसला की त्याला सुपरवायझर करायची घाई होते. काही जण त्यात फुलतात. पुष्कळदा मात्र एक उत्तम सेटर कमी होतो आणि एक वैतागलेला सुपरवायझर वाढतो. आधी तीन महिने फक्त एका पाळीची हजेरी आणि काम वाटप त्याच्याकडे द्या, पगार कमी न करता परत मशीनवर जायची वाट उघडी ठेवून. आणि ज्याला माणसांवर देखरेख नको आहे त्याचा पगार हातातल्या कौशल्यावर वाढत राहील अशी सोय ठेवा, म्हणजे केवळ पैशासाठी कुणी खुर्ची मागणार नाही.

रोजची दहा मिनिटं

पाळी सुरू होताना सगळे उभ्याने एकत्र. एक फळा. त्यावर आजचे जॉब, संख्या, कुणाकडे कुठली मशीन, आणि काय अडलं आहे : मटेरियल आलं नाही, इन्सर्ट संपले, गेज कॅलिब्रेशनला गेला आहे. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो मिटवायची जबाबदारी तुमची. तीन दिवस "इन्सर्ट नाहीत" असंच लिहिलेलं राहिलं तर चौथ्या दिवशी कुणी काही सांगणार नाही.

भाषण नको, ओरडणं नको, कालच्या चुकीची जाहीर चर्चा तर नकोच. दहा मिनिटांत माणसं मशीनवर गेली पाहिजेत.

पाळी बदलतानाचं रजिस्टरही याच्या जोडीला लागतं. जाणाऱ्याने लिहायचं : कुठला ऑफसेट किती बदलला, इन्सर्टची किती टोकं उरली, कुठला जॉब संशयित म्हणून बाजूला ठेवला. रात्रपाळीचा माणूस सकाळी घाईत असतो, म्हणून रकाने आधीच छापून ठेवा, त्याने फक्त आकडे भरावेत.

चूक झाली की

तुमचं वर्कशॉप कसं चालतं हे रिजेक्शनच्या लाल ट्रेवरून कळतं. ट्रे रिकामी असेल तर खुश होण्याआधी मशीनखाली, स्क्रॅपच्या पिंपात आणि पॅकिंगच्या तळाला बघा. जिथे चुकीला शिवीगाळ होते तिथे चुका कमी होत नाहीत, फक्त दिसेनाशा होतात. मग त्या कंपनीच्या लाइनवर सापडतात, आणि तिथून आलेला डेबिट नोट (पैसे कापल्याचा कागद) दहा जॉबच्या किमतीचा नसतो, आख्ख्या लॉटच्या सॉर्टिंगचा असतो.

टोयोटाच्या कारखान्यात साध्या कामगारालाही दोरी ओढून किंवा बटण दाबून लाइन थांबवता येते. तुमच्याकडे दोरी नसली तरी अधिकार देता येतो : शंका आली तर मशीन थांबव आणि हाक मार. आता पहिल्यांदा कुणी थांबवेल तेव्हा तुम्ही काय करता याकडे सगळ्यांचं लक्ष असेल. शंका खोटी निघाली तरी "बरं केलंस थांबवलंस" एवढं म्हणा. या एका प्रसंगावर पुढचं वर्ष ठरतं.

विचारायचं कसं, हेही ठरवून घ्या. "कुणी केलं?" हा प्रश्न पहिला येऊ नये. "काय दिसलं? कितव्या जॉबपासून? त्याआधी काय बदललं?" असे प्रश्न ठेवा. बहुतेकदा उत्तर इन्सर्ट, फिक्स्चरखाली (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीखाली) अडकलेली चिप (धातूचा कीस), किंवा जुनी ड्रॉइंग असं निघतं. तीच चूक तोच माणूस शिकवल्यानंतरही पुन्हा पुन्हा करत असेल, तर त्याला बाजूला घेऊन, दार लावून, स्पष्ट बोला. काय चुकलं, काय हवं, कधीपर्यंत, आणि तसं झालं नाही तर काय. आवाज न चढवता. दुसऱ्या दिवशी त्याच्याशी नेहमीसारखं बोला.

खराब झालेल्या जॉबचे पैसे पगारातून कापू नका. कायदाही त्यावर मर्यादा घालतो : निष्काळजीपणा सिद्ध व्हावा लागतो, माणसाचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि कापून मिळणारी रक्कम लपवलेल्या एका लॉटपुढे काहीच नसते.

रजेचं वर्षभराचं गणित

लोक दांडी मारतात असं आपण म्हणतो, पण बऱ्याच दांड्या पंचांगात आधीच दिसत असतात. कोकणातल्या माणसाला गणपतीत घरी जायचं असतं. चैत्रात गावोगावच्या जत्रा. जूनमध्ये पेरणी, आषाढात वारी, मग दिवाळी. उत्तर भारतातली मुलं दिवाळीनंतरच्या छठसाठी जातात आणि होळीला पुन्हा. वर्षाच्या सुरुवातीला मोठं कॅलेंडर लावा आणि प्रत्येकाला त्याच्या दोन महत्त्वाच्या तारखा लिहायला सांगा. एका मशीनवरचे दोघे एकाच आठवड्यात जात असतील तर ते आत्ता कळेल आणि त्या दोघांनाच तोडगा काढता येईल.

एक बारीक पण मोलाची गोष्ट. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. बिहारला जाणाऱ्या मुलाला रजा मंजूर झाल्याचं त्या दिवसाच्या आत कळलं पाहिजे, नाहीतर त्याला तिकीट मिळत नाही. मग तो मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या दिवशी जातो आणि परतायचं तिकीटच नसल्यामुळे आठवडाभर उशिरा येतो. यात त्याचा बेजबाबदारपणा शोधण्यापेक्षा रजेवर वेळेत सही करा.

घरात मृत्यू झाला तर माणूस दहा-तेरा दिवस जाणारच. त्याबद्दल घासाघीस करू नका. जाताना हातात थोडे पैसे द्या. भिंतीवरचा तक्ता अशाच दिवसांसाठी केलेला असतो.

आणि साप्ताहिक सुट्टी. भोसरीला ती गुरुवारी असते, रविवारी बायको-मुलं घरी असताना ऑपरेटर कामावर असतो. महिन्यातून एखादा रविवार आळीपाळीने देता आला तर बघा. घरच्यांचं बोलणं कमी झालं की कामावरचं मन स्थिर होतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे.

बोनस, वाढ, बक्षीस

वीस किंवा जास्त माणसं असतील तर किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो, म्हणजे वर्षाच्या मोजलेल्या वेतनाचा बारावा भाग. आकडा वीसच्या खाली असला तरी दिवाळीचा बोनस कसा काढला जाणार हे दसऱ्याच्या आत सांगून टाका. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, सगळे एकत्र असतात, तो दिवस चांगला. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी पाकीट फोडून आकडा कळणं आणि तो शेजारच्यापेक्षा कमी निघणं, यात दिलेल्या पैशाचं पुण्य वाया जातं.

पगारवाढीचा महिना ठरलेला असू द्या आणि तिचा संबंध तक्त्यातल्या खुणांशी जोडा. "माझी वाढ कमी का?" याचं उत्तर भिंतीकडे बोट दाखवून देता आलं पाहिजे.

नगावर इन्सेंटिव्ह देताना मात्र फार विचार करा. मोजता येतं तेवढंच वाढतं. नग वाढतात, तपासणी राहते. पॉवर प्रेस असेल तर नगावर पैसे देऊच नका. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, आणि नग वाढवायला त्यातलं एक बटण चिकटपट्टीने किंवा तारेने बांधून ठेवलेलं दिसतं. पुण्याभोवतालच्या औद्योगिक पट्ट्यात प्रेसवर बोटं गमावलेली तरुण मुलं थोडी नाहीत. बांधलेलं बटण दिसलं तर तिथेच मशीन बंद करा, गाडी कितीही खोळंबली असली तरी. तुम्ही एकदा बघून न बघितल्यासारखं केलंत तर ती परवानगी समजली जाते.

हजेरी बक्षिसाचंही तसंच. एकही खाडा नसेल तर पाचशे रुपये, असं ठेवलं की ताप असलेला माणूस मशीनवर येऊन उभा राहतो. एक-दोन आजारपणाच्या रजा सोडून मोजा.

कौतुक फुकट असतं म्हणून ते कसंही वाटू नका. "छान काम करता तुम्ही सगळे" हे कुणालाच लागत नाही. "काल फिक्स्चरखाली चिप अडकलेली तू पाहिलीस म्हणून लॉट वाचला" हे त्या मुलाच्या घरापर्यंत जातं.

बायका कामावर असतील तर

डीबरिंग, तपासणी, पॅकिंग या कामांत बायका मोठ्या संख्येने असतात, आणि आता सीएनसीवरही दिसतात. वेगळं, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह ही पहिली गोष्ट. ते नसेल तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि आजारी पडतात. सारख्या कामाला सारखा पगार. दहा किंवा अधिक माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी, २०१३ चा कायदा आहे. तक्रार कुणाकडे करायची ते नाव फळ्याशेजारी लिहिलेलं असू द्या. आणि तक्त्यात त्यांचीही ओळ सगळ्या रकान्यांतून जाऊ द्या. पाच वर्षं गेज हातात धरलेल्या बाईला मशीन शिकवायला फार वेळ लागत नाही, माप तिला आधीच कळतं.

कुणी सोडून जात असेल तर

चांगला माणूस सोडतो म्हणाला की लगेच हजार-दोन हजार वाढवून थांबवू नका. बाकीच्यांना त्यातून कळतं की राजीनामा दिला की पगार वाढतो. आधी बसून ऐका. खरं कारण पहिल्या वाक्यात येत नाही. "पगार कमी पडतो" च्या मागे बरेचदा रात्रपाळी, मिस्त्रींशी भांडण किंवा खोलीपासूनचं अंतर असतं, आणि त्यातलं काही तुमच्या हातात असतं.

जायचंच ठरलं असेल तर नीट निरोप द्या. वेतन संहितेप्रमाणे नोकरी सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा असतो, माणूस स्वतः सोडून गेला तरीही. हिशेबाचा कागद त्याच्या हातात द्या : उरलेला पगार, जादा तास, शिल्लक रजा, बाकी उचल. अनुभवाचं पत्र त्याच दिवशी. पीएफ असेल तर नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाका, नाहीतर त्याचे पैसे अडकतात आणि तो वर्षभर तुम्हाला फोन करत राहतो. पगार अडवून माणसाला धडा शिकवणारे कारखानदार आहेत. त्यांच्या गाळ्याचं नाव चहाच्या टपरीवर निघतं, आणि नवा माणूस विचारायला येतो तो आधी टपरीवरच.

तुम्हीच एखाद्याला काढत असाल तर त्याच्याशी आधी दार लावून झालेल्या बोलण्यांच्या तारखा वहीत असाव्यात आणि त्याला कारण तोंडावर सांगावं. व्हॉट्सॲपवर नाही. हिशेबाची मुदत इथेही तीच.

जाणाऱ्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्याबरोबर त्याच्या मशीनवर दुसरा माणूस उभा करा आणि जॉबशेजारचे कागद दोघांना मिळून तपासायला लावा. काय करायचं आणि मेख काय, हे लिहिलेलं असतं, पण रोज हाताने काम करणाऱ्याला सुचलेल्या चार गोष्टी त्यावर नसतात. त्या त्याच्याकडून पेनने लिहून घ्या, त्याचं नाव खाली घाला, आणि भिंतीवरच्या तक्त्यात नव्या माणसापुढे पहिली खूण करा.